निरपेक्ष शून्याच्या उंबरठ्यावरील मोजमाप

थंडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती पौषातली पहाट, अंगणातली शेकोटी आणि अंगावरची घोंगडी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, की ती वर्तमानपत्रांत बातमी होते. पण पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाला विचारले, तर तो म्हणेल, ‘‘ही कसली थंडी? ही तर ऊबच!’’ कारण त्याची थंडी जेथे सुरू होते, तेथे आपण श्वासावाटे घेतो ती हवाच पाण्यासारखी द्रवरूप झालेली असते.

अशा थंडीत एखाद्या पदार्थातून वीज कशी वाहते, हे मोजण्याचे एक यंत्र आहे. त्याला क्रायोजेनिक प्रोब स्टेशन म्हणतात. ‘क्रायोजेनिक’ म्हणजे अतिशीतासंबंधीचे आणि ‘प्रोब’ म्हणजे चाचपणी करणारी सुई. कला शाखेच्या वार्षिकात असल्या यंत्राचे काय काम, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल. आरंभी एवढेच सांगितले पाहिजे, की हे यंत्र चालवणाऱ्याचा बहुतेक वेळ मोजण्यात जात नाही. आपण वाचतो आहोत तो आकडा खरोखर कोणाचा, याची खातरजमा करण्यातच तो जातो.

थंडीत का मोजावयाचे?

उष्णता म्हणजे पदार्थातील अणूंची अखंड चाललेली धडपड. ती जसजशी कमी होते, तसतसे तापमान उतरते. पण उतरण्यालाही तळ आहे. शून्याखाली २७३.१५ अंश सेल्सियस हा तो तळ. यालाच निरपेक्ष शून्य म्हणतात आणि तेथून मोजलेल्या अंशांना केल्विन हे नाव आहे. या मापाने पाणी २७३ केल्विनच्या आसपास गोठते, आपली खोली साधारण ३०० केल्विनवर असते, नायट्रोजन वायू ७७ केल्विनला द्रवरूप होतो आणि हेलियम ४.२ केल्विनला. मौज अशी, की सर्वांत थंड अशा या द्रवाचे नाव मात्र ‘हेलिओस’ या ग्रीक सूर्यदेवावरून आले आहे, कारण या मूलद्रव्याची ओळख प्रथम सूर्यप्रकाशाच्या पृथक्करणातून पटली.

धातूच्या तारेतून वीज वाहते, म्हणजे असंख्य इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकतात. वाटेत थरथरणारे अणू त्यांना अडथळा करतात. हा अडथळा म्हणजे विद्युत् रोध. स्नेहसंमेलनाच्या गोंगाटात शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही, तसे नेहमीच्या तापमानात अणूंच्या गोंगाटापुढे पदार्थाचा मूळ स्वभाव कळत नाही. थंडी वाढली की गोंगाट शमतो आणि मग कुजबुज कानी पडते. तांब्याचा रोध थंडीत कमी होतो. सिलिकॉनसारख्या अर्धसंवाहकाचे उलट असते. त्यातील वीज वाहणारे इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंपाशी जखडून बसतात आणि रोध अफाट वाढतो. काही पदार्थांचे वागणे तर या दोहोंहून निराळे असते. त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

लायडेनची हकीकत

हॉलंडमधील लायडेन विद्यापीठात हायके कामर्लिंग ऑनेस नावाचे प्राध्यापक होते. मोजण्यातून ज्ञान, हे त्यांचे ब्रीद होते. १० जुलै १९०८ रोजी त्यांनी जगात प्रथमच हेलियम द्रवरूप केले. १९२३ साली कॅनडातील टोरांटो येथे दुसऱ्यांदा हे साधेपर्यंत, द्रवरूप हेलियम मिळण्याचे लायडेन हे पृथ्वीवरील एकमेव ठिकाण होते.

त्या काळी एक वाद रंगला होता. निरपेक्ष शून्यापाशी धातूच्या रोधाचे काय होईल? काहींच्या मते तो हळूहळू नाहीसा होईल. लॉर्ड केल्विनसारख्यांना वाटे, की इलेक्ट्रॉनच गोठून बसतील आणि रोध अनंत होईल. वादाचा निकाल वादाने लागत नव्हता. तो मोजूनच लावणे भाग होते. ऑनेस यांनी पारा निवडला, कारण ऊर्ध्वपातनाने तो अत्यंत शुद्ध करता येतो. ८ एप्रिल १९११ रोजी काचेच्या बारीक नळ्यांत गोठवलेल्या पाऱ्याचा रोध मोजला गेला आणि तो जवळजवळ शून्य निघाला. पुढील प्रयोगांत दिसले, की हा रोध हळूहळू उतरत नाही. ४.२ केल्विनच्या आसपास तो एकाएकी कोसळतो. कोणाच्याच सिद्धान्तात नसलेली ही गोष्ट होती. हिलाच आज आपण अतिसंवाहकता म्हणतो.

अशा वेळी प्रयोगकर्त्याच्या मनात पहिली शंका येते ती स्वतःच्या यंत्राविषयी. कोठे दोन तारा परस्परांना चिकटल्या तर नाहीत? विजेने पाऱ्याला टाळून आडवाट तर धरली नाही? म्हणून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा, नव्या मांडणीने करावा लागला. हे काम एकट्या ऑनेस यांचे नव्हते. यंत्रे घडवणारे खेरिट फ्लिम, तापमानाचे काम पाहणारे कॉर्नेलिस डोर्समन आणि रोध मोजणारे खिलेस होल्स्ट हे सारे त्यात होते. मात्र निबंधावर नाव एकट्या ऑनेस यांचे लागले. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ८ एप्रिल ही तारीखदेखील पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या वाचावयास अवघड अशा हस्ताक्षरातील टिपणवह्या लावून निश्चित झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मोडीचे रुमाल आठवावेत, असेच हे काम!

यंत्राची रचना

प्रोब स्टेशन समजून घेण्यास चहाचा थर्मास पुरे. थर्मासच्या दोन भिंतींमधील हवा काढून टाकलेली असते आणि भिंती चकचकीत असतात. हवा नसल्यामुळे उष्णतेला हवेच्या पाठीवर बसून जाता येत नाही आणि चकचकीत भिंत किरणांना परतवून लावते. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली ही युक्ती काढली, तीच मुळी द्रवरूप वायू साठवण्यासाठी.

प्रोब स्टेशनचा मुख्य भाग म्हणजे असाच एक धातूचा निर्वात डबा. त्याच्या मध्यभागी तांब्याचा लहानसा चौथरा असतो. त्यावर तपासावयाचा नमुना, बहुधा नखाएवढा तुकडा, चिकटवतात. चौथऱ्याला खालून द्रवरूप हेलियमच्या प्रवाहाने किंवा बंद चक्रात हेलियम वायू फिरवणाऱ्या शीतकाने थंड करतात. चौथऱ्याभोवती धातूची एक किंवा दोन आवरणे असतात. तीही थंड केलेली असतात, आणि तो केवळ डौल नव्हे. गरम वस्तूतून निघणारे उष्णतेचे किरण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात. म्हणजे ३०० केल्विनची भिंत ७७ केल्विनच्या भिंतीच्या सुमारे २३० पट उष्णता फेकते. खोलीच्या तापमानाची भिंत नमुन्याला उघडी राहिली, तर त्याच्या दृष्टीने तो शेजारी पेटलेला शेगडाच ठरतो.

डब्याच्या झाकणात काचेची खिडकी असते आणि तिच्यावर सूक्ष्मदर्शक. बाजूंनी चार किंवा सहा बाहू आत गेलेले असतात. प्रत्येक बाहूच्या टोकाला टंगस्टनची किंवा बेरिलियम आणि तांबे यांच्या मिश्रधातूची, केसाहून बारीक टोकाची सुई असते. बाहेरचे स्क्रू फिरवून ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि खाली-वर सरकवता येते. डब्यातील निर्वात न मोडता एका तुकड्यावरील अनेक सूक्ष्म घटक एकामागून एक तपासता येतात, ही या यंत्राची खरी सोय. नव्या इलेक्ट्रॉनिक चकत्या, अवकाशयानातील संवेदके, क्वांटम संगणकाचे घटक यांची परीक्षा अशीच होते.

थंड करण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृती पाहू. प्रथम नमुना चौथऱ्याला विशिष्ट ग्रीसने किंवा चांदीच्या लेपाने नीट बसवावयाचा. निर्वातात उष्णता जाते ती केवळ स्पर्शातून. त्यामुळे खाली एक पोकळी राहिली, तरी नमुना चौथऱ्याइतका थंड होणार नाही. मग पंप लावून डब्यातील हवा काढावयाची, ती वातावरणाच्या दाबाच्या काही कोटीव्या भागाइतकी उरेपर्यंत. त्याला घाई चालत नाही. धातूच्या भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ तासन् तास सुटत असते.

थंड करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, हे आपण रोज पाहतो. डब्यात उरलेली वाफही जी जागा सर्वांत आधी थंड होईल तेथे जाऊन गोठते. नमुना आधी थंड झाला, तर त्याच्यावरच हिमाचा थर बसेल. म्हणून आवरणे आधी थंड होऊ द्यावयाची आणि चौथरा तोवर लहानशा विद्युत् तापकाने उबदार ठेवावयाचा. घाण आवरणावर गोठली, की मग नमुन्याची पाळी.

या सबंध काळात सुया उचललेल्या असाव्या लागतात. थंडीत धातू आक्रसतात. दहा सेंटिमीटर लांबीचे तांबे खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत आणले, तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने आखूड होते. ऐकताना हे अंतर क्षुल्लक वाटते. पण सुई टेकवावयाची जागाच मुळी एक दशांश मिलिमीटर रुंद असते! सुई टेकलेली ठेवून तापमान बदलले, तर ती नमुना ओरबाडत भलत्याच जागी जाते. म्हणून तापमान स्थिर झाल्यावर, सूक्ष्मदर्शकातून पाहत, ती हळुवार उतरवतात. टोक टेकल्यावर ते पृष्ठभागावर किंचित घसरते. त्या घसरण्यावरूनच स्पर्श झाल्याचे कळते.

परतीचा मार्गही तसाच सावकाश. सारे पुन्हा खोलीच्या तापमानाला आल्यावाचून डबा उघडावयाचा नाही, नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरून सर्वत्र पाणी होते. शिवाय धोकाही आहे. एक लिटर द्रवरूप नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. हेलियमचेही प्रमाण जवळपास तसेच. कोंडून राहिला तर तो भांडे फोडील आणि बंद खोलीत पसरला तर प्राणवायूला हटवून माणसाला नकळत गुदमरवील. म्हणून दाब सोडणाऱ्या झडपा आणि खेळती हवा या गोष्टींत तडजोड नसते. हेलियम वाया घालवणे तर दुहेरी नुकसान. तो नैसर्गिक वायूच्या साठ्यांतून मिळतो आणि एकदा वातावरणात मिसळला, की परत गोळा करणे व्यवहार्य नसते. म्हणून अनेक प्रयोगशाळा तो गोळा करून पुन्हा द्रवरूप करतात.

चार सुया कशासाठी?

रोध मोजावयाचा तर दोन सुया पुरेशा नाहीत काय? वीज सोडावी, दाब पाहावा, भागाकार करावा. पण सुई जेथे टेकते तेथे तिचा आणि स्पर्शाचा रोध असतो आणि तो नमुन्याच्या रोधाहून कितीतरी मोठा असू शकतो. दोनच सुयांनी मोजणे म्हणजे पत्राचे वजन करताना पोस्टमनलाही तराजूत बसवण्यासारखे आहे.

यावर तोड अशी, की बाहेरच्या दोन सुयांनी वीज सोडावयाची आणि आतल्या दोन सुयांनी फक्त विद्युत् दाब पाहावयाचा. दाब मोजणारे उपकरण जवळजवळ वीज घेतच नाही. त्यामुळे त्या सुयांच्या स्पर्शापाशी दाब खर्ची पडत नाही आणि उरतो तो केवळ मधल्या नमुन्याचा आकडा.

तरीही बाहेरचे पाहुणे आत येतातच. सुईच्या तारेचे एक टोक खोलीत, ३०० केल्विनवर, आणि दुसरे ४ केल्विनवर. निरनिराळ्या धातूंच्या सांध्यांत अशा तापमानभेदानेच थोडा विद्युत् दाब उत्पन्न होतो. तो मायक्रोव्होल्टांच्या घरातला असला, तरी मोजावयाचा दाबही तेवढाच असतो. म्हणून वीज एकदा सुलट आणि एकदा उलट सोडतात. नमुन्याचा दाब दिशेबरोबर चिन्ह बदलतो. तापमानभेदाचा दाब बदलत नाही. दोन वाचनांतील फरकाची निमपट केली, की पाहुणा आपोआप वगळला जातो.

आणखी एक पेच आहे. मोजण्यासाठी सोडलेली वीजच नमुन्याला तापवते. शंभर ओहमच्या नमुन्यातून एक मिलिअँपिअर वीज सोडली, तर एक दशसहस्रांश वॅट उष्णता होते. अतिशीतात पदार्थाची उष्णता सामावण्याची शक्तीच घटलेली असल्याने तेवढीही पुष्कळ ठरते. वीज शंभरपट कमी केली, तर उष्णता दहा हजारपट कमी होते. म्हणून जाणता प्रयोगकर्ता वीज निम्मी करून पुन्हा मोजतो. रोधाचा आकडा बदलला, तर समजावे की मोजणाराच मोजमाप बिघडवीत आहे.

आकडा कोणाचा?

आता सर्वांत फसवी गोष्ट, ती म्हणजे तापमापक. तो चौथऱ्यात बसवलेला असतो आणि स्वतःचे तापमान प्रामाणिकपणे सांगतो. पण आपल्याला हवे असते नमुन्याचे तापमान. नमुन्याच्या खाली ग्रीस, वर खिडकीतून येणारे किरण, अंगावर टेकलेल्या बाहेरून येणाऱ्या सुया. या सर्वांमुळे पडद्यावर ५ केल्विन दिसत असताना नमुना त्याहून बराच गरम असू शकतो. म्हणून सुयांचे बाहूही तांब्याच्या वेण्यांनी थंड भागाला जोडून ठेवतात आणि अधूनमधून साक्षीदार उभा करतात. शिसे ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते, हे पक्के ठाऊक आहे. चौथऱ्यावर शिशाचा पातळ थर ठेवला आणि तापमापक ५.५ दाखवीत असताना त्याचा रोध नाहीसा झाला, तर १.७ केल्विनची लबाडी उघड होते.

सर्वांत जास्त संशय घ्यावा लागतो तो शून्याचाच. पदार्थ अतिसंवाहक झाला तर दाब शून्य येतो, हे खरे. पण नमुना एकजिनसी नसेल आणि विजेने दाब पाहणाऱ्या सुयांना वळसा घातला, तरीही शून्य येतो. सुई उचलली गेली, तरी वाचन भलतेच होते. शून्य एकच, पण त्याचे अर्थ अनेक.

हे केवळ पुस्तकी नाही. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी एल. के. ९९ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानालाही अतिसंवाहक आहे, असे जाहीर केले. हे खरे असते, तर वीज वाहून नेण्यातील तूट टळली असती. जग हर्षभरित झाले. अनेक देशांतील प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून तपासला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो तपासला गेला आणि अतिसंवाहकता आढळली नाही. रोध एकाएकी घटत होता, हे खोटे नव्हते. पण ती घट त्यात भेसळ होऊन राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे होती. ते संयुग १०० अंश सेल्सियसच्या थोडे वर आपली रचना बदलते. आकडा खरा होता, पण तो दुसऱ्याचाच होता. काही आठवड्यांतच तो दावा निकालात निघाला.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. बिस्मथ हा धातू अतिसंवाहक होतो का, हा प्रश्न अनेक वर्षे लोंबकळत होता. २०१६ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की बिस्मथचा शुद्ध स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागावर, अतिसंवाहक होतो. त्यांनी सुया टेकवल्या नाहीत. अतिसंवाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्राला आपल्यातून बाहेर लोटतो, हे १९३३ पासून माहीत असलेले दुसरे लक्षण त्यांनी पाहिले. ही अवस्था एवढी नाजूक आहे, की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रसुद्धा ती मोडून टाकील. म्हणून थंडीइतकीच त्या क्षेत्रापासूनही नमुन्याची राखण करावी लागली. एक दावा काही आठवड्यांत मावळला, दुसरा टिकला. या फरकामागे आपल्याच वाचनावर घेतलेला संशय आहे.

समारोप

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. असल्या यंत्राशी कला शाखेचा संबंध काय? वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अस्सल कागद पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये, हा त्यांचा आग्रह होता. हे पत्र कोणी लिहिले, केव्हा लिहिले, मागाहून कोणी त्यात भर घातली काय, असे प्रश्न इतिहासकार विचारतो. पोथीची पाठचिकित्सा करणारा कवीचे शब्द आणि नकलाकाराचे शब्द वेगळे काढतो. सुलट आणि उलट वीज सोडून बाहेरचा दाब वगळणारा, शिशाला साक्षीला बोलावणारा प्रयोगकर्ता याहून निराळे काय करतो? ग्रंथालयात असो वा निर्वात डब्यात, प्रश्न एकच असतो. हा आवाज मूळ वस्तूचा आहे की वाटेतल्या कोणाचा?

मोजण्यातून ज्ञान, हे ऑनेस यांचे ब्रीद खरेच आहे. पण मोजणे आणि ज्ञान यांच्यामध्ये एक लांबलचक दालन आहे. त्यात सावकाश थंड करणे आहे, सुई उचलून पुन्हा टेकवणे आहे, वीज निम्मी करून पुन्हा पाहणे आहे आणि मनाजोगा आकडा आला असतानाही त्याला उलटतपासणीसाठी उभे करणे आहे. हे दालन ओलांडण्याचे श्रम जो टाळतो, त्याच्या हाती आकडा येतो. ज्ञान येत नाही. आपला विषय भाषा असो, इतिहास असो वा अर्थशास्त्र, हा धडा आपणा सर्वांनाच घेण्याजोगा आहे.